मूल वाढतंय का, ते आधी बघा: मुलांमधला आयबीडी ओळखणं आणि सांभाळणं

पोटाच्या तक्रारीसाठी नवं मूल आलं की पोटावर हात ठेवण्याआधी मी आईबाबांना विचारते, याच्या बुटाचा नंबर शेवटचा कधी बदलला? बऱ्याच जणांना प्रश्न विचित्र वाटतो. पण नऊ-दहा वर्षांचं मूल आणि दीड वर्ष तेच बूट, तीच पँट, हे ऐकलं की माझे कान टवकारतात. आतड्यांना सूज असलेल्या काही मुलांची उंची जुलाब सुरू होण्याच्या कितीतरी आधीच थांबलेली असते. पोटाची तक्रार मूल लपवू शकतं. उंची लपवता येत नाही.

मी लहान मुलांच्या पोटविकारांची डॉक्टर आहे आणि माझा मोठा वेळ आयबीडी असलेल्या मुलांबरोबर जातो. आयबीडी म्हणजे आतड्यांना पुन्हा पुन्हा सूज आणणारे दीर्घकाळचे आजार, मुख्यतः दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो आणि सहसा आतल्या अस्तरापुरताच असतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्येमध्ये निरोगी पट्टे सोडत, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाऊ शकतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नावं वर्णानुक्रमे छापली होती, म्हणून पहिलं नाव आजाराला चिकटलं. काही मुलांत दोन्हींपैकी नेमका कोणता, हे सुरुवातीला ठरत नाही आणि फायलीवर ‘अनक्लासिफाइड’ असं लिहिलं जातं. त्यामुळे उपचार अडत नाहीत. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामातला बिघाड) हा मात्र वेगळाच प्रकार. त्यात आतड्याला सूज नसते, रक्त पडत नाही आणि वाढ खुंटत नाही.

शंका कधी घ्यावी

पोट दुखणारी मुलं खूप असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आयबीडी नसतो. बेंबीभोवती दुखतं, शाळेच्या दिवशी सकाळी जास्त दुखतं, खेळायला गेलं की विसरतं, रात्री गाढ झोपतं, वजन-उंची ठीक वाढते: अशा मुलाची मी आधी सगळी हकीकत ऐकते, बद्धकोष्ठता आहे का पाहते आणि दुर्बिणीच्या तपासणीचा (एंडोस्कोपीचा) विषयही काढत नाही.

माझा सूर बदलतो तो पुढचं काही कानावर आलं की. मूल झोपेतून उठून शौचाला जातं. शौचात रक्त किंवा आव पडते. जुलाब चार आठवड्यांहून जास्त चाललेत, किंवा सहा महिन्यांत थांबून पुन्हा उलटलेत. वजन घटलंय. पोट उजव्या बाजूला खाली दुखतं. अधूनमधून बारीक ताप येतो. लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही.

पोटदुखी, जुलाब आणि वजन घटणं ही क्रोन्सची पुस्तकी त्रयी. तिन्ही एकत्र घेऊन येणारी मुलं अंदाजे चौथा हिस्सा. बाकीची फिरून फिरून पोचतात. कुणी गुडघा सुजला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडून येतं, कुणी नडगीवर लालसर दुखऱ्या गाठी आल्या म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडून, कुणाचा डोळा लाल होऊन दुखत असतो, कुणाचं तोंड सारखं येत असतं. एक चौदा वर्षांची मुलगी मूळव्याध समजून कित्येक महिने मलम लावत होती. या वयात खरी मूळव्याध क्वचितच होते. गुदद्वाराशी कातडीचे फुगीर कोंब, भरून न येणारी चीर किंवा पू येणारं छिद्र, म्हणजे भगंदर, यांतलं काहीही दिसलं तर क्रोन्सचा विचार व्हायलाच हवा. पोटाच्या जुन्या तक्रारीत डॉक्टरांनी ती जागा पाहिलीच नसेल, तर संकोच न करता आठवण करून द्या. मुलाला आधी सांगून, तुम्ही शेजारी असताना, अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

शौचात रक्त म्हणजे आयबीडीच, असंही नाही. तान्ह्या बाळात ते दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीने पडू शकतं. खेळत्या-बागडत्या तीन-चार वर्षांच्या मुलाला न दुखता लाल रक्त पडलं तर बहुधा आतड्यातला एखादा साधा पॉलिप निघतो. कडक शौचाने पडलेली चीर हे तर सगळ्यांत नेहमीचं कारण.

दहाच्या पुढची मुलं या बाबतीत दुखणं अंगावर काढतात. ‘शी कशी होते?’ असं विचारलं की ‘ठीक’ एवढंच उत्तर मिळतं. मी नेमकं विचारते. काल किती वेळा गेलास? शाळेत जावं लागतं का, की घरी येईपर्यंत दाबून ठेवतोस? कागदावर लाल दिसतं का, की भांड्यातही? एखादा खेळ सोडलास का? घरीही असंच विचारा, आणि जेवणाच्या वेळी चारचौघांत नको.

उंची मोजायची कशी

हे काम घरी उत्तम होतं आणि पैसे लागत नाहीत. मूल अनवाणी, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर एक जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचं, पेन्सिलने खूण करायची आणि जमिनीपासून धातूच्या टेपने मोजायचं. दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच वेळी. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते. तारीख लिहायला विसरू नका. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल तर कारण शोधायला हवं, मग पोट दुखत असो वा नसो.

एकदाच मोजलेली उंची मला फारसं सांगत नाही. बुटक्या आईबाबांचं मूल बुटकं असेल. मला रेषा हवी असते. मूल वाढीच्या तक्त्यावर आपल्या ठरलेल्या रेषेवरून चालत होतं आणि मग खाली घसरलं, हे दिसलं पाहिजे. म्हणून लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या आरोग्य तपासणीचे कागद, जुनी प्रिस्क्रिप्शन, ज्यावर वजन-उंची लिहिली असेल ते सगळं घेऊन या. मी स्वतः तक्त्यावर ठिपके मांडते आणि आईबाबांना दाखवते. तेरा-चौदाव्या वर्षीही मुलीच्या शरीरात वयात येण्याच्या खुणा दिसत नसतील, किंवा मुलाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, तर तेही याच वहीत लिहा. आतड्याची सूज रक्तात असे पदार्थ सोडते की वाढीचं संप्रेरक असूनही त्याचा हाडांवर पुरता परिणाम होत नाही. भूक मरते, खाल्लेलं नीट अंगी लागत नाही आणि या सगळ्यावर स्टेरॉइड चालू राहिली तर भरच पडते. हाडांची वाढ-टोकं वयात आल्यावर बंद होतात. गेलेली उंची भरून काढायला मिळणारा काळ मोजकाच असतो, आणि मुलांच्या बाबतीत आम्ही घाई करतो ती यासाठी.

पहिल्या तपासण्या

सुरुवात रक्त आणि शौच यांपासून. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, अल्ब्युमिन हे प्रथिन, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, यकृताच्या चाचण्या. सिलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या इजेची) टीटीजी चाचणी सोबतच करून टाकावी, कारण वाढ खुंटणं आणि ॲनिमिया त्यातही असतो. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट वाढलेले, अल्ब्युमिन उतरलेलं, असं त्रिकूट दिसलं की मी दुर्बिणीची तारीख शोधायला लागते. पण उलट बाजू लक्षात ठेवा. सौम्य आजारात, विशेषतः कोलायटिसमध्ये, रक्ताचे सगळे आकडे नॉर्मल येऊ शकतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढ्यावर रक्त पडणारं मूल घरी पाठवू नये.

शौचातली कॅलप्रोटेक्टिन ही चाचणी गेल्या काही वर्षांत आमच्या फार कामाला आली. हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन. आतड्यात सूज असली की ते शौचात उतरतं. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आयबीडीची शक्यता बरीच कमी. २५० च्या वर असेल तर सूज आहे असं धरून चालायचं. मधला पट्टा संदिग्ध. काही आठवड्यांनी पुन्हा करावी. तीन खाचखळगे आहेत. चार वर्षांखालच्या मुलांत हा आकडा निरोगी असतानाही जास्त असतो. जंतुसंसर्गात तो चढतो. आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालू असली तरी चढतो. तेव्हा हगवणीच्या साथीत केलेल्या चाचणीवरून रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

संसर्ग नाही ना, हे दुर्बिणीआधी तपासावंच लागतं: शौचाचं कल्चर, अमीबा आणि इतर परजीवी, क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जंतू. जिथे क्षयरोग आढळतो तिथे आणखी एक मोठा प्रश्न उभा असतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला जवळजवळ सारखे. दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतात, दोन्हींत वजन घटतं, ताप येतो, दुर्बिणीतून तपासायला काढलेल्या तुकड्यात (बायोप्सीत) ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, दिसतात. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिली आणि निघाला क्षय, तर आजार अंगभर पसरू शकतो. क्षय समजून महिनोनमहिने औषधं दिली आणि निघाला क्रोन्स, तर तेवढ्या महिन्यांची वाढ गेली. म्हणून तुकड्यांचं कल्चर आणि जनुकीय चाचणी, छातीचा एक्स-रे, इतर खुणा, सगळं जोडून पाहावं लागतं. कधी क्षयाची औषधं सुरू करून ठरावीक मुदतीने दुर्बिणीत पुन्हा पाहायचं ठरतं. तसं ठरलं तर ती दुसरी दुर्बीण टाळू नका. बरं वाटण्यावर फार विसंबून चालत नाही. जखमा भरल्या की नाही यावर सगळा निर्णय असतो.

दुर्बीण

२००५ साली युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी निदानाचे नियम ठरवले, त्यांना पोर्टो निकष म्हणतात. २०१४ साली ते सुधारले. सांगणं सोपं आहे: उपचार सुरू करण्याआधी खालून आणि वरून, दोन्हीकडून दुर्बीण, खालची लहान आतड्याच्या टोकात शिरेपर्यंत, ठिकठिकाणचे तुकडे, आणि लहान आतड्याचं चित्र, शक्यतो एमआरआयवर. मुलाला फक्त रक्त पडत असलं तरी वरची दुर्बीणही त्याच भुलेत करतात, कारण जठरात किंवा अन्ननलिकेत सापडलेली एखादी खूण कोलायटिस आणि क्रोन्स यांतला वाद मिटवते. अस्तर डोळ्याला नॉर्मल दिसलं तरी तुकडे घेतले जातात. सूज कधीकधी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

तपासणी भूल देऊन होते, मुलाला काही आठवत नाही. त्याचा खरा जाच आदल्या दिवशीचा, पोट साफ करायच्या औषधाचा. ते थंड करून, स्ट्रॉने, घोटाघोटाने द्या आणि संडास जवळ असलेल्या खोलीत मुलाचा मुक्काम हलवा. पोट नीट साफ झालं नाही तर पुन्हा यावं लागतं, म्हणून इथे लाड नकोत. मुलाला काय होणार ते खरं सांगा. ‘काही नाही, फक्त डॉक्टरांना भेटायचंय’ असं सांगून आणलेलं मूल पुढची कित्येक वर्षं माझ्यावर विश्वास ठेवत नाही, आणि मला ते मूल पुढची कित्येक वर्षं भेटणार असतं.

सहा वर्षांच्या आत आयबीडी सुरू झाला तर वेगळा विचार करावा लागतो. या मुलांत, विशेषतः दोन वर्षांखाली, कधी एकाच जनुकातला दोष आणि प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार मुळाशी असतो. इंटरल्युकिन-१० या सूज आवरणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरमधला दोष हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण. त्यावर नेहमीची औषधं नीट चालत नाहीत, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मात्र मूल बरं होऊ शकतं. अशा बाळाची जनुकीय तपासणी लवकर व्हायला हवी.

उपचार: कशासाठी आणि कोणते

पालकांना पोटदुखी थांबायला हवी असते, मुलाला शाळेची सहल चुकवायची नसते. मला त्याबरोबर आणखी दोन गोष्टी हव्या असतात: आतलं अस्तर भरून आलेलं आणि उंचीची रेषा पुन्हा वर वळलेली. पोट शांत असूनही आत सूज धुमसत राहू शकते. तशी ती राहिली की काही वर्षांनी आतडं अरुंद होतं.

मोठ्या आतड्याच्या सौम्य ते मध्यम कोलायटिसला मेसालाझिन या सूज उतरवणाऱ्या औषधापासून सुरुवात होते, तोंडावाटे आणि गुदद्वारातून द्यायच्या औषधाने. दुसऱ्या मार्गाला मुलं नाक मुरडतात, पण दोन्ही मिळून परिणाम एकट्या गोळीपेक्षा चांगला येतो. मूत्रपिंडाची चाचणी मधूनमधून करायची.

क्रोन्सबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय, कारण इथे मुलांजवळ असा एक उपचार आहे जो मोठ्यांना तितकासा जमत नाही. सहा ते आठ आठवडे नेहमीचं सगळं जेवण बंद आणि फक्त संपूर्ण पोषण देणारा वैद्यकीय द्रव आहार. पाणी चालतं. सूज उतरवण्यात तो स्टेरॉइडइतकाच गुणकारी असतो, आतलं अस्तर भरून आणण्यात त्याच्याहून सरस ठरतो, वजन वाढवतो आणि उंचीला धक्का लावत नाही. कोलायटिसमध्ये मात्र तो सूज उतरवत नाही.

ऐकायला सोपं, करायला कठीण. पहिले चार-पाच दिवस सगळ्यांत वाईट जातात. भूक, चिडचिड, घरच्यांच्या जेवणाचा वास. मी कुटुंबाला आधीच सांगते: पहिला आठवडा परीक्षेचा किंवा लग्नकार्याचा निवडू नका. रोजची मात्रा आहारतज्ज्ञ वजन पाहून ठरवतात. ती दिवसभरात पाच-सहा वेळा वाटून द्या, थंड द्या, झाकणाच्या पेल्यातून द्या. चव अगदीच जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालता येते. नळीचं नाव काढलं की आया रडतात, मुलं मात्र दोन दिवसांत सरावतात आणि रात्री झोपेत आहार घेऊन दिवसा मोकळी फिरतात. ‘एवढासा घास दिला तर काय होतंय’ हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येणारच. त्यांना पहिल्या भेटीलाच सोबत आणा, माझ्याकडून ऐकलेलं त्यांना पटतं. बहुतेक मुलांचं दुखणं पहिल्या दोन आठवड्यांत कमी होतं, आणि तिथेच मोह होतो थांबायचा. थांबू नका. फार खंगलेलं मूल असेल तर आहार हळूहळू वाढवावा लागतो आणि सुरुवातीचे दिवस रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पाहावं लागतं. अशा मुलाला रुग्णालयातच सुरुवात करावी.

स्टेरॉइड लवकर काम करतात म्हणून पालकांना आवडतात. आग विझवायला बंब बोलावतो, पण तो कायमचा अंगणात ठेवून घेत नाही, तेवढंच यांचं स्थान. सकाळी एकदा, ठरलेल्या डोसमध्ये, आणि साधारण दहा आठवड्यांत उतरवत बंद. जास्त काळ चालली की चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, उंची अडते. पण काही आठवडे घेतल्यावर परस्पर एकदम बंद करणं धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. डोस कमी केला की प्रत्येक वेळी आजार डोकं वर काढत असेल, तर पुन्हा स्टेरॉइड वाढवण्यापेक्षा पुढचं औषध कोणतं, हे डॉक्टरांना विचारा.

आजार शांत ठेवायला ॲझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. ॲझाथायोप्रिन पूर्ण लागू व्हायला दोन-तीन महिने घेतं. ते सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि आशियाई वंशाच्या मुलांत एनयूडीटी-१५ या जनुकांची तपासणी करून घ्यावी. काहींच्या पांढऱ्या पेशी या औषधाने झपाट्याने कोसळतात. पहिल्या महिन्यांत रक्ततपासणी वारंवार लागते. लिंफोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका थोडा वाढतो, तोही डॉक्टरांशी उघडपणे बोला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हा वार मोठ्या अक्षरांत लिहून लावा, कारण रोज दिलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. त्याच्या जोडीला फोलिक ॲसिड. वयात आलेल्या मुलींशी मी गर्भधारणेवरच्या त्याच्या दुष्परिणामाबद्दल स्पष्ट बोलते, आईबाबांना कितीही अवघड वाटलं तरी.

बायोलॉजिक औषधांत, म्हणजे सूज पेटवणारे पदार्थ नेमके अडवणाऱ्या प्रथिन-औषधांत, मुलांसाठी सर्वांत जास्त अनुभव इन्फ्लिक्सिमॅबचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली मुलांच्या क्रोन्ससाठी आणि २०११ साली कोलायटिससाठी त्याला मान्यता दिली. शिरेतून पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, नंतर साधारण दर आठ आठवड्यांनी. ॲडालिमुमॅब कातडीखाली घरीच टोचता येतं. भगंदर असेल, आतड्यात खोल जखमा असतील, वाढ फार खुंटली असेल, तर बाकीच्या पायऱ्या न चढता आम्ही थेट इथूनच सुरुवात करतो. लहान वजनाच्या मुलांच्या शरीरातून औषध लवकर निघून जातं, म्हणून रक्तातली पातळी मोजून डोस किंवा अंतर बदलावं लागतं. ‘औषध चालत नाही’ असं म्हणण्याआधी पातळी मोजली का, ते विचारा. सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षय आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी झालीच पाहिजे.

आणि लसी. निदानाच्या आठवड्यातच लसीकरणाचं कार्ड काढा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी देत नाहीत. वेळ असेल तर औषधांच्या चार-सहा आठवडे आधी त्या उरकाव्यात. आजार भडकलेला असताना मात्र लसीसाठी उपचार रोखून धरत नाहीत. फ्लूची निर्जीव लस दरवर्षी, शिवाय न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही देता येतात.

शस्त्रक्रियेला शेवटचा पराभव समजू नका. लहान आतड्याचा एक छोटा अरुंद भाग औषधांना दाद देत नसेल, तर वयात येण्यापूर्वी तो काढल्यावर काही मुलं झपाट्याने उंच होताना मी पाहिली आहेत.

घरची वही

कोलायटिससाठी प्युकाय नावाचा गुणांक आहे. त्याला रक्त, सुई काही लागत नाही, म्हणून तो मी पालकांना शिकवते. मागच्या दोन दिवसांचा विचार करायचा. पोटदुखी: नाही ०, दुर्लक्ष करता येण्याजोगी ५, न येण्याजोगी १०. रक्त: नाही ०, थोडं आणि निम्म्याहून कमी वेळा १०, थोडं पण बहुतेक वेळा २०, भरपूर ३०. शौच बांधून ०, अर्धवट ५, पूर्ण पातळ १०. दिवसभरात दोनपर्यंत ०, तीन ते पाच ५, सहा ते आठ १०, त्याहून जास्त १५. रात्री झोपेतून उठावं लागलं तर १०. हालचालींवर बंधन नाही ०, थोडं ५, फार १०. एकूण ८५ पैकी. १० च्या खाली म्हणजे आजार शांत. १० ते ३४ सौम्य, ३५ ते ६४ मध्यम. ६५ किंवा जास्त असेल तर फोनवर चर्चा करत बसू नका, रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून स्टेरॉइड सुरू होतात आणि तिसऱ्या व पाचव्या दिवशी हाच गुणांक पाहून पुढचं औषध ठरतं. आजार शांत असताना महिन्यातून एकदा आणि बिघडल्यावर रोज लिहा.

ताबडतोब यायच्या इतर गोष्टी: पोट फुगून ताप, थांबत नसलेल्या उलट्या आणि वारा सरणं बंद, एका पायाला सूज आणि वेदना, गुदद्वाराशी ठणकणारी गाठ, स्टेरॉइडची गोळी उलटीत पडणं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना शेजारच्या मुलाला कांजिण्या निघाल्या तरी त्याच दिवशी कळवा. प्रतिबंधक उपाय करायचा असतो तो पहिल्या काही दिवसांतच. जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका, भडकलेल्या कोलायटिसमध्ये तिने मोठं आतडं फुग्यासारखं ताणलं जाऊ शकतं. ताप आणि दुखण्याला पॅरासिटामॉल; आयब्युप्रोफेन टाळा. दुसरं काही पर्यायी औषध देत असाल तर मला सांगा. मी रागावत नाही, पण मला माहीत नसेल तर बिघडलेल्या यकृताचं कारण शोधण्यात आठवडे जातात.

जेवण, शाळा आणि गोळ्या चुकवणारी पोरं

हा आजार तुम्ही काही खाऊ घातल्याने झालेला नाही. जनुकं, आतड्यातले जंतू आणि प्रतिकारशक्ती यांच्यातल्या बिघाडातून तो होतो. आजार शांत असताना मी मुलांना जवळजवळ सगळं खाऊ देते. आतडं अरुंद असेल तर चोथ्याचे कठीण पदार्थ टाळायचे, एवढंच. एकेक करून पदार्थ वर्ज्य करत गेलेली, वाढत्या वयात मूठभर गोष्टींवर जगणारी मुलं येतात तेव्हा मला आजारापेक्षा त्या यादीची भीती वाटते. क्रोन्सवर विशिष्ट पदार्थ वगळून, काही कॅलरी वैद्यकीय द्रव आहारातून घेण्याची एक अभ्यासलेली पद्धत आहे, पण ती आहारतज्ज्ञाच्या हाताखालीच करावी. लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून द्यायचं. सूज असताना तोंडावाटे दिलेलं लोह नीट शोषलं जात नाही, मग ते शिरेतून देतात.

शाळेला एक चिठ्ठी द्या, मी लिहून देते: वर्ग चालू असताना न विचारता शौचाला जाऊ द्यावं, परीक्षेत त्या वेळेची भरपाई मिळावी, दप्तरात कपड्यांचा जादा जोड असेल. कारण सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. कुणाला सांगायचं ते मुलाला ठरवू द्या.

किशोरवयात आजार उलटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे न घेतलेल्या गोळ्या. मी ‘गोळ्या घेतोस ना?’ असं विचारत नाही, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. मी विचारते, या आठवड्यात किती राहिल्या? बऱ्याचदा गोळी मोठी असते, किंवा वेळ मित्रांबरोबरची असते, किंवा नुसता कंटाळा असतो. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी सुटतात. उदासी, झोप न येणं, माणसांत मिसळणं बंद होणं हेही तपासा. या मुलांत ते जास्त आढळतं आणि त्याच्यावर उपचार असतात. कुणी सोळाव्या वर्षी सिगारेट ओढून पाहत असेल तर क्रोन्सला ती खतपाणी घालते, हे मी भाषण न देता एकदाच सांगते.

बारा-तेरा वर्षांपासून भेटीतली काही मिनिटं मी मुलाशी एकट्याने बोलते. आधी औषधांची नावं त्याने सांगायची, मग डोस, मग पुढच्या तपासणीची तारीख. अठराच्या आसपास तो मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातो तेव्हा त्याच्या हातात एक फाइल असावी: पहिल्या दुर्बिणीचा आणि तुकड्यांचा अहवाल, एमआरआय, आजवर दिलेली औषधं आणि कोणतं का थांबवलं, औषधांच्या पातळ्या, लसींच्या तारखा, आणि उंचीचा तक्ता. मोठ्या आतड्याचा आजार असलेल्यांसाठी त्यावर एक ओळ मी लाल शाईने लिहिते, सुरुवातीचं वर्ष. आजाराला आठ-दहा वर्षं झाली की कर्करोगासाठी ठरावीक काळाने दुर्बीण सुरू करायची असते, आणि पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा आजार सोबत असेल तर तो कळल्यापासूनच.